सॅम्पल पाच सेकंदांचं, परवानगी दोघांची

प्रश्न: आम्ही तिघे मित्र, पिंपरीत राहतो, मराठीत रॅप करतो. दोघं लिहितात-गातात, तिसरा बीट बनवतो. सहा गाण्यांचा ईपी (छोटा अल्बम) तयार आहे. त्यातल्या चार गाण्यांत जुनी मराठी चित्रपटगीतं आणि लावणीच्या तबकड्यांमधले तुकडे, म्हणजे सॅम्पल, घेऊन लूप केलेत. पाच सेकंदांपेक्षा कमी घेतलं आणि पिच (सुराची उंची) बदलला की चालतं, असं एका ओळखीच्याने सांगितलंय. दुसरीकडे एक लेबल (रेकॉर्ड कंपनी) दीड लाख ॲडव्हान्स द्यायला तयार आहे. करारात ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ असं लिहिलंय. आम्ही डे ला सोल या अमेरिकन रॅप गटाचे भक्त. त्यांचे गाजलेले अल्बम २०२३ पर्यंत स्पॉटिफायवर का नव्हते, हे धड कुणी सांगत नाही. आमची तशी गत होऊ नये म्हणून काय करायचं? आणि तिघांत वाटणी कशी करायची?
– तिघे, पिंपरी

उत्तर:

मित्रांनो, पाच सेकंदांचा नियम आपल्या कायद्यात नाही आणि अमेरिकेच्या कायद्यातही नाही. तीन सेकंद, आठ मात्रा, ‘पिच बदलला की माफ’ या सगळ्या स्टुडिओतल्या कंड्या आहेत. आणि त्या किती महाग पडतात, हे तुमच्याच लाडक्या गटाच्या पहिल्या अल्बमवर दिसतं.

‘३ फीट हाय अँड रायझिंग’ मार्च १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय या लेबलने काढला. लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिल गावची तीन पोरं (पॉस, ट्रुगॉय ऊर्फ डेव्ह आणि मेसिओ), सोबत निर्माता प्रिन्स पॉल. फंकाडेलिक, स्टीली डॅन, ओटिस रेडिंग, हॉल अँड ओट्स असे नाना ठिकाणचे तुकडे त्यात आहेत. पण फटका बसला तो गाजलेल्या गाण्यामुळे नव्हे. ‘ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स’ नावाचा जेमतेम मिनिटभराचा एक तुकडा आहे. त्यात कुणी रॅपसुद्धा करत नाही. फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डवरचे संवाद, आणि खाली द टर्टल्स या गटाच्या ‘यू शोड मी’ गाण्यातला काही सेकंदांचा भाग, वेग कमी करून, गोल फिरवलेला. टर्टल्सच्या सदस्यांनी खटला भरला. १९९१ मध्ये कोर्टाबाहेर मिटला. वर्तमानपत्रांत १७ लाख डॉलरचा आकडा छापला गेला, पण तडजोडच झाल्यामुळे निकालपत्र असं काही नाही. गटाचं म्हणणं असं की सॅम्पलची यादी लेबलकडे दिली होती. लेबलने काहींची परवानगी काढली, हा तुकडा राहिला. अल्बमवर नाव मात्र गटाचं.

म्हणजे वेग बदलला होता, तुकडा छोटा होता, गाणंही पूर्ण नव्हतं. यातलं काहीच कामी आलं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात रॅपर बिझ मार्कीविरुद्धचा, विनापरवाना सॅम्पलबद्दलचा निकाल लागला. ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेनेच न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवात केली होती. तिथून पुढे प्रत्येक तुकड्याची परवानगी आधी काढायची, हा अमेरिकेतल्या लेबलांचा शिरस्ता झाला. १९८९ सालासारखा दर गाण्यात चार-पाच सॅम्पल असलेला अल्बम काढणं खर्चाच्या दृष्टीनेच अशक्य होऊन बसलं. पुढे २००५ मध्ये एका अपील कोर्टाने दोन सेकंदांच्या गिटारसाठीही ‘परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका’ असं बजावलं. २०१६ मध्ये दुसऱ्या अपील कोर्टाने पाव सेकंदाच्या ब्रासच्या आवाजाला मोकळीक दिली. तिथल्या कोर्टांचंच एकमत नाही, तेव्हा पिंपरीत बसून त्या पाव सेकंदावर भिस्त ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक बीटमेकर विसरतात. एका सॅम्पलला परवानग्या दोन लागतात. एक, तबकडीवरच्या ध्वनिमुद्रणाची: तो हक्क सहसा रेकॉर्ड कंपनीकडे. दुसरी, चाल आणि शब्दांची: तो संगीतकार, गीतकार, त्यांचे वारस, निर्माता किंवा प्रकाशक यांच्यापैकी कुणाकडे. टर्टल्सचंच बघा. ‘यू शोड मी’ वाजवलं टर्टल्सनी, पण लिहिलं होतं द बर्ड्स या दुसऱ्याच गटातल्या जीन क्लार्क आणि रॉजर मॅग्विन यांनी. ध्वनिमुद्रण एकाचं, गाणं दुसऱ्याचं.

आपल्याकडे मुदतीही वेगवेगळ्या आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. समजा तुमच्या हातात १९६० सालची तबकडी आहे, शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची. ध्वनिमुद्रण २०२० अखेर मोकळं झालं. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चाल २०६२ अखेरपर्यंत. ‘साठ वर्षं झाली, आता फुकट’ असं म्हणणारा अर्धंच खरं बोलत असतो. लावणीचं उलटं. शब्द-चाल खरोखर पारंपरिक असेल तर मोकळी, पण बाईंच्या आवाजातलं ते १९८५ सालचं विशिष्ट ध्वनिमुद्रण कंपनीचंच. शिवाय लेबलवर ‘पारंपरिक’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. बऱ्याच लावण्यांना नाव असलेले शाहीर आणि संगीतकार आहेत.

चार गाण्यांसाठी आजच एक तक्ता करा. प्रत्येक तुकड्यासमोर लिहा: मूळ गाणं, चित्रपट किंवा तबकडीचा क्रमांक, कंपनी, साल; मूळ गाण्यात किती मिनिट किती सेकंदांपासून कुठपर्यंत; तुमच्या गाण्यात कुठे आणि किती वेळा येतं; पिच आणि वेग किती बदलला; गीतकार, संगीतकार, गायक; ध्वनिमुद्रण कुणाचं, शब्द-चाल कुणाची; परवानगीची स्थिती. प्रोजेक्टमध्ये सॅम्पल नेहमी स्वतंत्र ट्रॅकवर ठेवा, ड्रम आणि बेसमध्ये मिसळून बाउन्स (एकत्र फाइल) करू नका. परवानगी नाकारली तर तेवढा ट्रॅक म्यूट करून गाणं उभं राहिलं पाहिजे. नुसती मिक्स केलेली स्टिरिओ फाइल उरली आणि मूळ प्रोजेक्ट हार्ड डिस्कबरोबर गेला, की गाणंच गेलं.

परवानगीच्या मेलमध्ये मूळ तुकडा आणि तुमचं पूर्ण गाणं, दोन्हींच्या लिंक द्या, वापराचे सेकंद द्या, आणि काय मागताय ते स्पष्ट लिहा: जगभर, कॉपीराइटची पूर्ण मुदत, ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही, आज असलेली व पुढे येणारी सर्व माध्यमं. हे शेवटचे शब्द सोडू नका, ते का ते खाली येतंच. जुन्या एचएमव्हीच्या तबकड्यांसाठी सारेगामाकडे जायचं. ती तीच कंपनी, नाव बदललेली. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची चौकशी आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीकडे करता येते, पण सॅम्पलची अंतिम परवानगी हक्कधारकाची. ते एकरकमी पैसे मागतील, नव्या गाण्याच्या लेखन-हक्कात वाटा मागतील, किंवा दोन्ही. डे ला सोलच्या ‘मी मायसेल्फ अँड आय’ या गाण्याच्या लेखकांत गटाच्या तिघांबरोबर आणि प्रिन्स पॉलबरोबर फंकाडेलिकच्या जॉर्ज क्लिंटनचंही नाव आहे, ते यामुळेच. आणि नकार द्यायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. मेल रिलीजच्या आधी गेला तर वाटाघाट होते. गाणं गाजल्यावर गेलात तर किंमत समोरचा ठरवणार.

‘कुणाला कळतंय’ हा युक्तिवाद सोडून द्या. यूट्यूबची कंटेंट आयडी ही गाणी ओळखणारी यंत्रणा पिच बदललेले तुकडेही पुष्कळदा पकडते. आज पकडलं नाही तरी कंपनीने उद्या त्या जुन्या गाण्याची फाइल यंत्रणेत टाकली की आधी अपलोड झालेले व्हिडिओही तपासले जातात. मग क्लेम लागतो, कमाई तिकडे वळते, डिस्ट्रिब्युटर (गाणी ॲप्सवर पोहोचवणारी कंपनी) गाणं उतरवतो आणि कधीकधी खात्यातले पैसेही अडकवून ठेवतो.

परवानगी परवडत नसेल तर डे ला सोलनेच वापरलेली वाट आहे. २०१५ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १ लाख १० हजार डॉलर मागितले. ११ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ६ लाखांच्या वर दिले. त्या पैशांत त्यांनी वाद्यवृंदाला स्टुडिओत बसवून २०० तासांहून जास्त वादन मुद्रित केलं आणि मग स्वतःच्याच त्या टेपमधून तुकडे कापून बीट बनवले. २०१६ चा ‘अँड द अनॉनिमस नोबडी’ असा झाला. चवीला सॅम्पलचा, पण एकाही कंपनीचं देणं नाही. तुम्हाला २०० तास नकोत. एक ढोलकीवाला, एक हार्मोनियमवाला, चार तासांचा स्टुडिओ. ढोलकी दोन माइकवर, क्लिक ट्रॅक लावून, तुमच्या गाण्यांच्या दोन-तीन वेगांत, प्रत्येक ठेका निदान दोन मिनिटं सलग. तोडे आणि तिहाया वेगळ्या घ्या. तबकडीचा खरखरीत गंध हवा असेल तर तो नंतर टेप सॅच्युरेशन आणि वरच्या फ्रीक्वेन्सी कापून आणा; मुद्रण स्वच्छच करा. मानधन देताना दोघांकडून एका कागदावर लिहून घ्या की हे मुद्रण तुमच्या मालकीचं, सर्व माध्यमांसाठी. तोंडी ‘हो दादा, वापरा की’ चालत नाही.

इथे एक फसगत होते. जुन्या गाण्याचीच चाल नव्याने वाजवून घेतली तर ध्वनिमुद्रणवाल्याची परवानगी टळते, चालवाल्याची नाही. आणि कायद्यातली कव्हर व्हर्जनची तरतूद इथे लागू नाही. ती मूळ गाणं जवळजवळ तसंच पुन्हा गाण्यासाठी आहे, त्यावर रॅप चढवण्यासाठी नाही.

आता स्पॉटिफायचं. डे ला सोलचे पहिले सहा अल्बम, म्हणजे १९८९ ते २००१ चे, टॉमी बॉयवर निघाले. त्या काळच्या सॅम्पलच्या परवानग्या तबकडी, कॅसेट आणि फार तर सीडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या. डाउनलोड, स्ट्रीमिंग यांचा त्यात उल्लेखच नाही. २००२ मध्ये टॉमी बॉय आणि वॉर्नर ही बडी रेकॉर्ड कंपनी वेगळे झाले, जुने मास्टर (मूळ ध्वनिमुद्रणं) वॉर्नरकडे राहिले. (तीन भागांत ठरलेल्या ‘आर्ट ऑफिशियल इंटेलिजन्स’चा तिसरा भाग त्यानंतर कधी आलाच नाही.) शेकडो तुकड्यांचे हक्कधारक पुन्हा शोधायचे, प्रत्येकाशी नवा करार करायचा, आणि एखादा निसटला तर पुन्हा खटला. एवढी उठाठेव करायची वॉर्नरची तयारी दिसली नाही. परिणाम असा की ज्या वर्षांत जग सीडीकडून फोनकडे गेलं, त्या सगळ्या वर्षांत या गटाचं सर्वोत्तम काम विकायलाच नव्हतं. ‘३ फीट हाय’ अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत गेला, पण आयट्यून्सवर मिळेना. १४ फेब्रुवारी २०१४ ला गटाने वैतागून आपलं जुनं सगळं काम २५ तासांसाठी फुकट वाटून टाकलं.

२०१७ मध्ये मास्टर टॉमी बॉयकडे परत आले. २०१९ मध्ये स्ट्रीमिंगची तारीख ठरली आणि गटानेच चाहत्यांना सांगितलं, ऐकू नका. त्यांच्या म्हणण्यानुसार ९० टक्के लेबलला आणि १० टक्के गटाला असा हिशेब होता, वर २० लाख डॉलरचं देणं गटाच्या नावावर. बेत बारगळला. जून २०२१ मध्ये रिझर्व्हॉयर या कंपनीने सुमारे १० कोटी डॉलरना टॉमी बॉय विकत घेतलं, गटाशी नव्याने करार केला, सॅम्पल एकेक करून मोकळे केले. जिथे जमलं नाही तिथे तुकडे बदलले, पुन्हा वाजवून घेतले. ३ मार्च २०२३ ला सगळे अल्बम आले. ट्रुगॉय १२ फेब्रुवारीला गेला होता. तीन आठवड्यांनी चुकामूक झाली.

तुमच्या करारातले तीन शब्द आता या उजेडात वाचा.

‘सर्व हक्क.’ आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने एक चांगली सोय केली आहे: करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. तेव्हा सॅम्पलचा परवाना *घेताना* ‘पुढची सर्व माध्यमं’ लिहून घ्या, आणि लेबलला हक्क *देताना* माध्यमांची नावं मोजून लिहा. त्याच दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही सोडून देता येत नाही. अपवाद वारस आणि कॉपीराइट सोसायटीचा. तुमच्या करारात ‘रॉयल्टीवर कोणताही दावा करणार नाही’ असं कलम असेल तर ते खोडायला सांगा. लेबल काचकूच करत असेल तर तेवढ्यावरून माणसं ओळखता येतात.

‘कायमस्वरूपी, जगभर.’ करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच लेबल हे दोन शब्द आवर्जून घालतं. तुम्ही मालकी देऊ नका, परवाना द्या: पाच ते सात वर्षं, त्यानंतर मास्टर परत. ठरलेल्या मुदतीत, समजा सहा महिन्यांत, लेबलने गाणी काढली नाहीत तर हक्क आपोआप परत, हेही लिहा.

दीड लाख ॲडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे, उचल आहे. हिशेब करून बघा. समजा दीड लाख ॲडव्हान्स, दोन लाख व्हिडिओ, पन्नास हजार प्रसिद्धी. हे सगळं ‘वसूलपात्र’ धरलं तर चार लाख. तुमचा वाटा २० टक्के असेल तर उचल फक्त तुमच्या वाट्यातून फिटते. म्हणजे लेबलकडे २० लाख जमा होईपर्यंत तुम्हाला पुढचा एक रुपया मिळणार नाही, आणि तोवर लेबलच्या खिशात १६ लाख गेलेले असतील, वर खर्चही वसूल. गट वर्षानुवर्षं लेबलच्या वहीत देणेकरी राहतो तो असा. म्हणून वसूलपात्र खर्चावर मर्यादा घाला, व्हिडिओचा फार तर निम्मा खर्च धरा, प्रत्येक खर्चाला तुमची लेखी संमती ठेवा. या ईपीची तूट पुढच्या ईपीच्या कमाईतून कापायची नाही, हे वेगळं वाक्य लिहा. सहा महिन्यांनी हिशेब, आणि वर्षातून एकदा वह्या तपासायचा हक्क. सॅम्पलची परवानगी कोण काढणार, पैसे कोण देणार आणि दावा आला तर कोण भरणार, हे नाव घालून लिहा. बहुतेक तयार करारांत ती सगळी जोखीम गुपचूप कलाकाराच्या गळ्यात असते. सही करण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. सोसायटीची कागदपत्रं बघणारा ओळखीचा वकील इथे उपयोगाचा नाही.

वाटणीत दोन वेगळ्या थैल्या आहेत. लेखनाची (शब्द आणि संगीत) आणि मास्टरची. सोपी पद्धत: प्रत्येक गाण्यात निम्मं शब्दांचं, निम्मं बीटचं. शब्द दोघांनी लिहिले तर २५-२५, बीटवाल्याला ५०. गाणी तिघांनी बसून घडवत असाल तर सरळ तिघांत समान ठेवा. माझ्या मते गटासाठी हेच बरं, कारण नाहीतर प्रत्येक जण आपल्या बीटसाठी, आपल्या ओळीसाठी भांडतो आणि कमी चांगलं गाणं निवडलं जातं. मास्टर तिघांत समान. गाणं संपलं त्याच रात्री टक्के, तारीख आणि तिन्ही सह्या एका कागदावर. सॅम्पलवाल्याला वाटा द्यावा लागला तर तो कुणाच्या हिश्शातून, तेही तिथेच. बीटमध्ये विकत घेतलेले लूप असतील तर त्यांचा परवाना जपून ठेवा. तोच लूप हजार जणांकडे असतो, म्हणून अशा गाण्याची कंटेंट आयडीत नोंद करू नका, नाहीतर परक्यांवर क्लेम लागून तुमचंच खातं अडचणीत येतं.

गटाच्या नावाचाही कागद करा: एक जण गेला तर नाव कुणाचं, जुन्या गाण्यांचा त्याचा वाटा चालू राहणार का. डे ला सोलमध्ये प्रिन्स पॉल तिसऱ्या अल्बमनंतर बाजूला झाला, पण तिघे १९८८ पासून ट्रुगॉय जाईपर्यंत तेच. जुन्या अल्बमची डिजिटल विक्री बंद असताना त्यांचं पोट चाललं ते दौऱ्यांवर, आणि २००५ च्या गोरिलाझ या गटाबरोबरच्या ‘फील गुड इंक.’सारख्या पाहुण्या कामावर. त्या गाण्याला ग्रॅमीही मिळालं. उरलेल्या दोघांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये नवा अल्बम काढला, तो त्याच नावाने. तुमच्या लेबलच्या करारात कार्यक्रमांच्या मानधनात वाटा मागितला असेल तर तो काढून टाकायचा आग्रह धरा. दीड लाखात मास्टरही द्यायचे आणि स्टेजही द्यायचं, हा सौदा होत नाही.

राहिली तुमची सॅम्पल नसलेली दोन गाणी. त्यांच्यासाठी लेबलची वाट बघू नका. वाटणीच्या कागदावर सह्या करा, वॅव्ह फाइल आणि सगळे स्टेम (गाण्याचे सुटे भाग) दोन ठिकाणी जपा, डिस्ट्रिब्युटरकडून आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, घेऊन ती आधी सोडा, साधारण सहा आठवड्यांच्या अंतराने. उरलेल्या चारांसाठी तक्ता भरा, मेल पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत ढोलकीवाल्याची तारीख घ्या. ती चार गाणी ‘फक्त इन्स्टावर रील म्हणून’सुद्धा टाकू नका.